निळी बाटली उघडण्यापूर्वी

शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा घरातील काचेच्या टाकीत एखादा मासा मलूल दिसू लागला की पहिली धाव घेतली जाते ती निळ्या औषधाच्या बाटलीकडे. झाकणभर औषध ओतले जाते, पाणी शाईसारखे होते, आणि दोन दिवसांनी मासे मेले की ‘रोगच वाईट होता’ असे म्हणून टाकी धुऊन माळ्यावर ठेवली जाते. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : अशा टाक्यांतील बरेचसे मासे रोगापेक्षा उपचारानेच मरत असावेत.

मी शिकवतो पदार्थविज्ञान. माशांच्या दुखण्यात याने नाक का खुपसावे, असे प्राणिशास्त्राचे माझे सहकारी विचारतील. औषध कोणते, हा प्रश्न त्यांचा खराच. पण किती पाण्यात किती, हा प्रश्न मोजमापाचा आहे आणि तो तुमच्या शाळेतील गणिताने सुटतो. तो न सोडवताच बाटली उघडली जाते, ही माझी तक्रार आहे.

पण त्याआधी आणखी एक प्रश्न. आजारी आहे तो मासा, की पाणी? नवी टाकी मांडली, दहा-बारा मासे सोडले, आणि आठवड्याभरात ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर तो बहुधा रोग नव्हे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन कल्ल्यांना इजा करतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वाळूत आणि गाळणीत या जीवाणूंची वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे स्वतःच्याच विषात पोहत असतात. अशा वेळी पाव हिस्सा पाणी बदलावे, नव्या पाण्यातील क्लोरिन हायपोने घालवावा, एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे आणि हवेचा पंप चालू ठेवावा. हायपो म्हणजे एके काळी फोटो धुण्यासाठी लागणारा सोडियम थायोसल्फेट. निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्ल्यू, अशा वेळी ओतले तर ते या उपयोगी जीवाणूंनाही मारते. म्हणजे घराला आग लागली असता बंबवाल्यांनाच कोंडून ठेवण्यासारखे झाले.

उन्हाळ्यात आणखी एक कारण असते. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. मे महिन्यात विदर्भातील एखाद्या घरात टाकीचे पाणी किती तापत असेल याची कल्पना करा. तेव्हा दहा बाटल्यांच्या आधी एक थर्मामीटर आणि अमोनिया मोजण्याचा एक संच घ्यावा.

आता खऱ्या रोगाकडे वळू. टाकीतल्या माशांना हमखास होणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. अंगावर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे दिसते. हा प्रताप इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या लांबलचक नावाच्या एकपेशीय प्राण्याचा आहे. पॅरामेशियमप्रमाणे याच्याही अंगावर सूक्ष्म केस असतात. फुके या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. आणि गंमत अशी की त्याच वर्षी जर्मनीत हाइन्रिश कारो याने मेथिलीन ब्ल्यू हा रंग प्रथम तयार केला, तो कापड रंगवण्यासाठी!

तुम्हांला दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेच्या थराखाली लपून बसलेला प्राणी. तेथे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुरता वाढला की तो माशाला सोडून तळाशी चिकटतो, स्वतःभोवती आवरण करतो आणि आत विभागत जातो. एकाची शेकडो पिल्ले होतात. ती आवरणातून बाहेर पडून पोहू लागतात आणि दोनएक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषधाचा उपयोग होतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. २५ अंशांच्या आसपास हे सारे चक्र आठवड्याभरात पुरे होते. १० अंशांच्या पाण्यात त्याला महिन्याहून अधिक लागतो.

यावरून काय निघते पाहा. पहिल्या दिवशी औषध दिले आणि ठिपके तसेच राहिले, म्हणून ‘औषध लागू पडले नाही’ असे ठरवून दुप्पट ओतणे चूक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले म्हणून औषध बंद करणेही तितकेच चूक, कारण प्राणी माशावरून उतरून तळाशी कुटुंब वाढवत बसलेले असतात. म्हणून या रोगात आजारी मासा वेगळा काढून भागत नाही, साऱ्या टाकीलाच औषध द्यावे लागते, आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस ते चालू ठेवावे लागते. एखाद्याच माशाच्या जखमेवर कापसासारखी बुरशी आली असेल, तर मात्र वेगळ्या बादलीत उपचार करणे शहाणपणाचे. पाणी हळूहळू दोन-तीन अंशांनी तापवले तर चक्र वेगाने फिरते व उपचार लवकर संपतो. पण प्राणवायूचा वरचा आकडा विसरू नका, पंप जोरात हवा.

या रोगावरील अनेक औषधांत मॅलॅकाइट ग्रीन असते, काहींत फॉर्मॅलिनही. मॅलॅकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी वापरण्यास युरोपात व अमेरिकेत मनाई आहे, कारण त्याचा अंश माशाच्या अंगात राहतो आणि तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. ही बाटली शिक्षकांनीच हातमोजे घालून हाताळावी. ज्या बाटलीवर घटकाचे नाव आणि प्रमाण छापलेले नाही, ती तर मी फुकटसुद्धा घेणार नाही.

आता मोजमाप. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी घ्या. घनफळ ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. दुकानदारही तेच सांगेल. पण काच अर्धा सेंटिमीटर जाड आहे, म्हणून आतली लांबी-रुंदी ५९ व २९. पाणी काठापासून चार सेंटिमीटर खाली आहे. तळाशी चार सेंटिमीटर खडी आहे, आणि तिच्यातील पोकळी फार तर चाळीस टक्के. सगळा हिशेब करा, पाणी साधारण साडेएकोणचाळीस लिटर भरते. ५४ लिटरचे औषध ओतले की पहिल्याच दिवशी मात्रा ३७ टक्के जास्त झाली! शोभेचे दगड आणि तो बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या मी धरलेलाच नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे टाकी पहिल्यांदा भरताना मापाच्या बादलीने भरावी आणि काचेच्या कोपऱ्यात रंगाने खरे लिटर लिहून ठेवावेत. शाळेतील प्रत्येक टाकीवर हा आकडा असावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

पुढची अडचण थेंबांची. बाटलीवर लिहिलेले असते ‘दर गॅलनला इतके थेंब’. गॅलन कोणता? इंग्रजी गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकन ३.७९ लिटरचा. आणि थेंब केवढा? एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब असे आपण धरतो. पण थेंबाचे वजन ड्रॉपरच्या तोंडाच्या रुंदीवर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असते. स्पिरिटचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बराच लहान पडतो. दोन वेगवेगळे ड्रॉपर घ्या, मोजपात्रात पाच मिलिलिटर पाणी भरेपर्यंत थेंब मोजा. उत्तरे जुळणार नाहीत. म्हणून सुई काढलेली सिरिंज बरी, ती मिलिलिटर सांगते.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो पाणी बदलताना. समजा, औषध आपोआप नाश पावत नाही. रोज पाव पाणी बदलले आणि रोज पूर्ण मात्रा टाकली, तर पहिल्या दिवशी संहती १, दुसऱ्या दिवशी ०.७५ अधिक १ म्हणजे १.७५, तिसऱ्या दिवशी २.३१, चौथ्या दिवशी २.७३. भूमिती श्रेढी शिकलेल्यांनी पुढे करून पाहावे : ती चारपटीकडे जाते. टाकायला हवी होती ती फक्त पाव मात्रा, गेलेल्या पाण्यापुरती. औषध चालू असताना गाळणीतला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. उपचार संपल्यावर तोच कोळसा परत घातला की उरलेला रंग उतरतो.

मोरचुदाबद्दल थोडेच सांगतो. तांब्याची उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी असते, आणि ते पाण्यावर अवलंबून असते. कोकणातल्या विहिरीच्या मृदू पाण्यात जेवढ्याने मासा मरेल, तेवढे देशावरच्या बोअरच्या कठीण पाण्यात तो कदाचित सोसेल. गोगलगायी आणि कोळंब्या मात्र दोन्हीकडे मरतील. शाळेत हा उद्योग नको.

सर्वांत गरीब आणि मला आवडणारे औषध म्हणजे मीठ. लिटरला एक ते तीन ग्रॅम, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात थोडे थोडे. नायट्राइटची बाधा झाली असेल तर मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. ‘आयोडिनचे मीठ माशांना विष’ असे सगळीकडे ऐकू येते. हिशेब करा. अशा मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन असावे असा आपल्याकडे नियम आहे. लिटरला ग्रॅमभर मीठ टाकले तर आयोडिन झाले सुमारे १५ मायक्रोग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साठएक मायक्रोग्रॅम असते, आणि समुद्रात मासे आहेत! मात्र खवले नसलेल्या कॅटफिशना आणि पाणवनस्पतींना मीठ मानवत नाही. शिवाय पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ टाकू नका.

आता ज्या गोष्टीवर मी मुळीच तडजोड करणार नाही ती. माणसांसाठीची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम तिला बांधून ठेवतात, प्रकाशाने ती विघटन पावते, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या प्राण्यावर तिचा भरवसा नाही. उरलेला अर्धामुर्धा अंश गाळणीतल्या जीवाणूंना छळतो, आणि जे जगतात ते औषधाला न जुमानणारे निघतात. ते पाणी जाते मोरीत. प्रतिकाराची जनुके एका जातीचे जीवाणू दुसऱ्या जातीला देऊ शकतात. ती माशांपुरती राहतील अशी हमी कोण देणार? आपल्याकडे ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे, आणि दुकानदार ओळखीचा आहे ही सबब त्यात नाही. खरोखर जीवाणूंचाच रोग वाटला तर पशुवैद्याला विचारावे. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय, मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था अशा ठिकाणी माशांचे रोग हा अभ्यासाचा विषय आहे. शाळेच्या वतीने तेथील अध्यापकांना पत्र लिहायला काय हरकत आहे?

‘वीस रुपयांच्या गप्पीसाठी एवढा खटाटोप?’ असे एका पालकांनी मला विचारले होते. मासा वीस रुपयांचा असेल, पण टाकीत हात घालणारी मुले तुमची आहेत. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत सापडलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद माणसाच्या हातावरील जखमेतून शिरतो आणि महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी देतो. हाताला खरचटलेले असेल तर टाकीत हात घालू नये, आणि नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये.

उपचारानंतरचे रंगीत पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. कोळशाने रंग उतरू द्या, मग ते सांडपाण्याच्या नळीत सोडा. आणि बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहून ती अंधाऱ्या, कुलूपबंद कपाटात ठेवा. मेथिलीन ब्ल्यू आणि शाईची दौत सारखीच दिसतात.