विश्लेषण : सदरमधील राजभवनाची बाग कोणासाठी?

नागपूरच्या सदर भागातील राजभवनाचे फाटक बहुतेक नागपूरकरांनी बाहेरूनच पाहिले आहे. हिवाळी अधिवेशन आले की या परिसराकडे वाहनांचे ताफे वळतात. एरवी झाडांमागे काय आहे याची चर्चाही होत नाही. सत्ताधाऱ्यांच्या निवासाची बाग पुढे कोणाची होते, हा प्रश्न मात्र जगात अनेक ठिकाणी विचारला गेला आहे.

राजभवनाचा इतिहास काय?

मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. प्रांताच्या चीफ कमिशनरसाठी सदरमधील ही वास्तू १८९१ मध्ये उभी राहिली. १९२० मध्ये प्रांताला गव्हर्नर मिळाला आणि हेच त्याचे निवासस्थान झाले. स्वातंत्र्यानंतर मंगलदास पक्वासा, पट्टाभि सीतारामय्या यांच्यासारखे राज्यपाल येथून कारभार पाहू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला हलली आणि नागपूरचे राजधानीपण संपले. तेव्हापासून हे राज्यपालांचे दुसरे निवासस्थान आहे. परिसरात आता जैवविविधता उद्यान असून तेथे मोरांचा वावर आहे.

इटलीतील राजवाड्याशी याचा संबंध काय?

थेट संबंध काहीच नाही. तुलना मात्र उपयोगी आहे. नेपल्सजवळच्या कासेर्टा येथे बूर्बों राजा चार्ल्स याने १७५२ मध्ये वास्तुविशारद लुईजी वानव्हितेल्ली याच्याकडून राजवाड्याचे काम सुरू करवले. बारोक शैलीच्या बागेत निसर्ग राजाच्या हुकमतीत असल्याचे दाखवले जाई : सरळ रांगेतील कुंड, कारंजी, पुतळे आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत एकच रेषा. पाण्यासाठी सुमारे ३८ किलोमीटर लांबीचा कालवा बांधला गेला. राजेशाहीचा थाट दाखवणारी ही बाग आज तिकीट काढून कोणालाही पाहता येते. १९९७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे.

नागपुरात असे काही घडले आहे का?

घडले आहे. महाराजबाग ही भोसल्यांची बाग. इंग्रजांच्या काळात ती कृषी खात्याकडे गेली आणि आज कृषी विद्यापीठाच्या ताब्यातील या बागेत घरोघरची मुले प्राणी पाहायला जातात. तेलंगखेडीची बागही भोसल्यांचीच. तेथेही आता सामान्य माणूस संध्याकाळी फिरतो. राजाच्या बागा जनतेच्या झाल्या म्हणून भोसल्यांचा मान कमी झाला नाही. उलट, भोसल्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहण्यात या बागांचाही वाटा आहे.

मग राजभवन सरसकट खुले करावे का?

तसे करणे चुकीचे ठरेल. राज्यपालांच्या निवासाची सुरक्षा हा खरा प्रश्न आहे. मोर, फुलपाखरे आणि दाट झाडी गर्दीत टिकत नाहीत, हाही तितकाच खरा मुद्दा आहे. शहर चारही बाजूंनी वाढत असताना सदरमध्ये एवढी झाडी राहिली, ती प्रवेश मर्यादित असल्यामुळेच, असे म्हणणाऱ्यांचे चूक नाही.

पण बंद फाटक आणि मोकळी गर्दी यांच्यामध्ये वाट आहे. दिल्लीत राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान ठरावीक काळासाठी सर्वांना खुले होते. त्यामुळे ना सुरक्षेचा बोजवारा उडतो ना बागेचा. सदरमध्येही आठवड्यातला एक ठरलेला वार, मोजके लोक, सोबत माहिती देणारा वाटाड्या आणि मोरांच्या विणीच्या पावसाळ्यात पूर्ण विश्रांती, असे वेळापत्रक आखता येईल. सुरुवात शहरातील शाळांपासून करावी. ज्याला इतिहासाच्या पुस्तकात मध्य प्रांत भेटतो, त्याला त्याची वास्तू आपल्याच गावात दिसावी.

राजधानीपण गेल्याची हळहळ नागपुरात अजूनही ऐकू येते. त्या काळाची ही वास्तू आणि ही झाडे शहरात आहेत; ती पाहण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरलेला असायला हवा. ओळख असणाऱ्यालाच आत जाता आले, तर बाग सरकारी राहील, शहराची होणार नाही.