अंगठ्यांची बेरीज म्हणजे चर्चा नव्हे



आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा आणि जिल्ह्याचा असे चार तरी व्हॉट्सॲप गट असतातच. माणसं बरीचशी तीच, पण बोलणं मात्र वेगळं. शाळेच्या गटात "सर, हे परिपत्रक जुनं आहे हो" असं बिनधास्त लिहिणाऱ्या बाई जिल्ह्याच्या गटात महिनोन्‌महिने गप्प असतात. तिथे चुकीच्या मेसेजलाही पटापट अंगठे मिळतात आणि शंका विचारणारा एकटा पडतो. असं का होतं? माझ्या मते याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे गटाचा आकार आणि दुसरं म्हणजे पसंती मोजण्याची पद्धत.

गटाचा आकार

हस्तांदोलनाचं कोडं आपण मुलांना घालतो. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर एकूण किती वेळा? २० जण असतील तर १९० वेळा. २०० जण असतील तर १९,९०० वेळा. माणसं दहापट झाली, पण जोड्या शंभरपटीहून जास्त वाढल्या! व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा २०१६ साली २५६ झाली आणि २०२२ मध्ये ती आधी ५१२ व नंतर १०२४ झाली. १०२४ जणांच्या जोड्या होतात ५,२३,७७६. इतक्या माणसांत कोण कोणाला ओळखणार?

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९० च्या दशकात मांडलं, की माणूस साधारण दीडशे जणांशीच खरी ओळख टिकवू शकतो. हा आकडा सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे. लहान गटात आपण माणूस बघून त्याचं म्हणणं तोलतो. मोठ्या गटात माणूस माहीत नसतो, मग आपण अंगठे मोजतो.

पसंतीचं गणित

फेसबुकवर लाईकचं बटण २००९ मध्ये आलं. त्याआधी २००५ साली सुरू झालेल्या रेडिट या संकेतस्थळावर वर-खाली मतं देण्याची सोय होती. रेडिटने पुढे आपला कोड सर्वांसाठी खुला केला. त्यातलं सूत्र गणिताच्या शिक्षकांनी बघण्यासारखं आहे. एखाद्या पोस्टच्या पहिल्या १० मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या सगळ्या ९० मतांना! शिवाय साडेबारा तास उशिरा आलेल्या पोस्टला जुन्या पोस्टची बरोबरी करायला तिच्या एक दशांश मतं पुरतात. म्हणजे ताजं ते वर, आणि ज्याला लवकर पसंती मिळाली ते आणखी वर. यात खरं-खोटं कुठेच आलं नाही.

२०१३ साली मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी मजकूर न बघता, चिठ्ठी टाकल्यासारखं, सुरुवातीलाच एक पसंतीचं मत दिलं. शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. फक्त एका फुकटच्या मताने! सुरुवातीला नापसंतीचं मत दिलं, तेव्हा मात्र पुढच्या वाचकांनी ते भरून काढलं. म्हणजे खोटी निंदा आपण ओळखतो, पण खोट्या कौतुकाला बळी पडतो.

मग मतं नकोतच का?

असं मी म्हणणार नाही. हजार जणांचं सगळं लिखाण कोणी वाचू शकत नाही, निवड करावीच लागते. स्टॅक ओव्हरफ्लोवर संगणकाचे प्रश्न विचारतात, तिथे मतांचा चांगला उपयोग होतो, कारण उत्तर करून बघता येतं. चाललं तर बरोबर! पण "पहिलीच्या मुलांना गृहपाठ द्यावा का?" हा प्रश्न असा करून बघता येत नाही. तिथे कारणंच ऐकावी लागतात. विकिपीडियावर म्हणूनच एखादा लेख ठेवायचा की काढायचा हे ठरवताना डोकी मोजण्यापेक्षा मुद्द्यांचं वजन बघावं, असा संकेत आहे.

आपण काय करू शकतो?

वर्गात आपण "ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा" म्हणतो, तेव्हा मुलं आधी हुशार मुलाच्या हाताकडे बघतात. त्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि एकदम पाट्या वर करायच्या. मग चार-चारच्या गटात कारणं सांगायची. आधी स्वतःचा विचार, मग चर्चा आणि शेवटी मत. मागच्या बाकावरच्या मुलीचं वेगळं उत्तरही मग सगळ्यांना दिसतं.

हाच क्रम आपल्या गटांतही पाळता येईल. व्हॉट्सॲपच्या मतचाचणीत कोणी काय मत दिलं ते लगेच नावासकट दिसतं. म्हणून आधी एक दिवस फक्त कारणं लिहू द्यावीत आणि मगच चाचणी टाकावी. जिल्ह्याचा गट सूचनांसाठी ठेवावा, चर्चा केंद्राच्या गटात करावी. आणि कोणी "याचं परिपत्रक आहे का?" असं विचारलं, तर अंगठा देण्याआधी त्याला उत्तर द्यावं.

लोकशाहीत मत मोलाचं आहेच, पण ते मोजण्याआधी प्रत्येकाला बोलता आलं पाहिजे. हे मुलांना शिकवायचं तर आधी आपल्या गटात दिसायला हवं, नाही का?