गावच्या केरकचऱ्याचा खर्च कोणी सोसावा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी वसलेले बेलापूर हे जुने बाजारगाव होय. अशा गावांत केरकचऱ्यासाठी पूर्वी निराळा खर्च करावा लागत नसे. शेण, राख, वैरणीची चघळ व भाजीपाल्याची देठे उकिरड्यावर पडत आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात जात. आता त्याच केरात प्लॅस्टिकच्या पिशव्या, काच, औषधांची वेष्टने व बॅटऱ्या येतात. असले खत शेतकरी पत्करीत नाही. मग ते गावाबाहेर वाहून न्यावे लागते आणि तेथूनच खर्चास आरंभ होतो.

हा सर्व खर्च सरकारने सोसावा, अशी अपेक्षा पुष्कळदा व्यक्त होते. ती कितपत पुरी पडेल, हे आकड्यांवरूनच पाहणे बरे. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा ग्रामीण टप्पा 2020 साली सुरू झाला. त्यात घनकचऱ्याच्या कामासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास माणशी 60 रुपये, तर त्याहून मोठ्या गावास माणशी 45 रुपये, ही कमाल मर्यादा ठरली. त्यातीलही 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून द्यावयाचा होता. दहा हजार वस्तीच्या गावास या हिशेबाने फार तर साडेचार लाख रुपये होतात. हे साहाय्य उभारणीपुरते. इंधन, दुरुस्ती व सफाई कामगारांचे वेतन मात्र दरमहा लागते. अशा गावात दोन हजार कुटुंबे असून प्रत्येकामागे दिवसाला अवघा एक रुपया खर्च येतो असे धरले, तरी वर्षाचे 7,30,000 रुपये होतात. गाडी येते, पण पुढे ती उभीच राहते, याचे कारण बहुधा या हिशेबातच सापडेल.

यावर उपाय दोन. पहिला कराचा. केरकचरा उचलण्यासाठी सामान्य आरोग्य कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना 1958 च्या अधिनियमाने दिलेला आहे. तथापि मजुराच्या झोपडीस आणि मंगल कार्यालयास सारखीच आकारणी करणे न्याय्य नव्हे. उपाहारगृहे व दुकाने अधिक कचरा करतात. त्यांनी अधिक भार उचलावा. जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडला, तर लोक कर देण्यास कुरकुर करणार नाहीत.

दुसरा उपाय अधिक मोलाचा, तो म्हणजे खर्चच कमी करण्याचा. ओला केर घरीच निराळा ठेवला, तर गाडीचे ओझे हलके होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत येथे उपयोगी पडेल. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशा विटांच्या जाळीदार टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचावेत; ओलावा टिकवल्यास तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा तिचा विशेष आहे. जनावरे कमी झालेल्या गावांना तो लाभदायक ठरावा. मात्र टाक्यात काच वा प्लॅस्टिक जाता कामा नये.

केर निवडण्याचे काम घरात क्षणभराचे असते. तेच गावाबाहेरच्या ढिगावर मजुराला हात घालून करावे लागते. म्हणून ग्रामसेवकांनी नव्या गाडीची मागणी करण्यापूर्वी घरोघरी दोन टोपल्यांची सवय लावावी. जो केर गावाने निवडला नाही, त्याचा खर्च कोणीच चुकवीत नाही असे नव्हे. तो नदी, जनावरे आणि आजारी मुले चुकवीत असतात.