घरदुरुस्तीची उचल

मावळ, खेड व मुळशीकडील कित्येक शेतकरी कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणासाठी अगर नोकरीसाठी पिंपरीच्या संत तुकाराम नगरात किंवा त्याच्या आसपास घर घेतलेले असते. घर जुने झाले म्हणजे गच्ची गळते, नळ गंजतात, फरशी उखडते. मालक गावी राहणारा, सबब काम ठेकेदारावर सोपवावे लागते. आणि तो अंदाजपत्रकाबरोबरच निम्मी रक्कम आगाऊ मागतो.

अशी मागणी करणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे आम्ही म्हणत नाही. लहान ठेकेदारापाशी भांडवल नसते, दुकानदार उधारी देत नाही आणि मजुरांचा पगार आठवड्याच्या आठवड्यास भागवावा लागतो. परंतु येथेच धोका आहे. आपल्या पैशाने तो मागच्या गिऱ्हाइकाचे अडलेले काम उरकतो, आणि आपले काम पुढच्याची उचल येईपर्यंत पडून राहते. ऊस पिकविणाऱ्या वाचकांस हे नवे नाही. तोडणीच्या मुकादमास हंगामापूर्वी उचल द्यावी, टोळी येऊ नये, आणि वाहतूकदाराने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे आपण पाहतोच. तरीही घराच्या कामी, पाहुण्यांच्या ओळखीचा म्हणून, हाच शेतकरी निम्मे पैसे मोजून देतो!

सरकार स्वतः इतके उदार नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते मोठ्या कामांत आरंभीची उचल साधारणतः 10 टक्क्यांपर्यंतच देते, तीही बँकेच्या हमीपत्रावर. नवे घर विकणाऱ्या बिल्डरासही 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत करारावाचून 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची मनाई केली आहे. दुरुस्तीच्या कामास तो कायदा लागू नाही. पण माप उसने घेण्यास हरकत नसावी.

सिमेंट, नळ, फरशी मालकाने स्वतः खरेदी करावी व पावती आपल्या नावे घ्यावी. मग ठेकेदाराकडे उरते ती मजुरी. तिचा दशांश आरंभी द्यावा, पुढील हप्ते झालेले काम मोजून द्यावेत. गच्चीचे काम असेल तर पाणी अडवून दोन दिवस साठवावे, आणि खालचे छत कोरडे राहिले तरच अखेरचा हप्ता चुकता करावा. हा हप्ता लहान ठेवू नये. पाचव्या हिश्शाहून कमी असल्यास ठेकेदार त्यावर पाणी सोडून निघून जातो.

सर्व ठराव लेखी असावा आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत. ज्यांच्या नावाने हे नगर वसले, त्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली अशी परंपरा आहे. परंतु ते वैराग्य होते, व्यवहार नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, व 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. मात्र तेथे कागद दाखवावा लागतो.

इतक्यावरही ठेकेदार निम्म्या रकमेवरच अडून बसला, तर त्यास नारळ द्यावा व गवंडी रोजावर लावून काम करून घ्यावे. त्यात मालकाचे हेलपाटे वाढतात खरे.