प्रतीक्षेचा मान

विमान पहाटेचे असले, की प्रवाशाची रात्र बहुधा खुर्चीवरच सरते. टोकियोच्या हानेदा विमानतळावर मात्र या रात्रीचा वेगळा विचार झाला आहे. तिसऱ्या टर्मिनलला जोडून डिसेंबर २०२२ मध्ये दोन हॉटेले सुरू झाली; खोल्या एकूण १,७१७. तेथेच वरच्या मजल्यावर ‘ओन्सेन’, म्हणजे उष्णोदकाचे स्नानगृह आहे. स्त्री-पुरुषांची व्यवस्था स्वतंत्र. अंग स्वच्छ धुऊन, विवस्त्रच कुंडात उतरायचे. भारतीय पाहुण्यास संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्त्रांबरोबर हुद्दाही बाहेरच राहतो, हे त्या कुंडाचे मोठेपण. ग्राहकाला थांबावे लागणे कधी कधी अटळ असते. अशा वेळी हुद्दा न पाहता त्याचा मान राखणे, हीच खरी सेवा. विमानतळाइतकेच हे बँकेच्या काउंटरलाही लागू आहे.