लाज तरते, लेकी बुडतात

उन्हाळा तापू लागला, की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसते. कपडे धुवायला गेलेल्या मायलेकी, शेततळ्यावर गेलेल्या बहिणी, नदीच्या डोहाशी बसलेल्या नणंद-भावजया. एकीचा पाय घसरतो, दुसरी तिला ओढायला वाकते, तिसरी पदर फेकते आणि पदरासकट आत जाते. २०२२ च्या मे महिन्यात डोंबिवलीजवळच्या संदप गावातील खदाणीत एकाच कुटुंबातले पाच जीव असेच गेले; तिथेही निमित्त कपडे धुण्याचेच होते. अशा बातमीत पाण्याची खोली असते, अग्निशमन दलाची शर्थ असते, आकस्मिक मृत्यूची नोंद असते. काठावरच्या एकीलाही पोहता का येत नव्हते, हा प्रश्न मात्र पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. बाईला पोहता न येणे ही या राज्यात बातमी नव्हे, गृहीतक आहे.

हे अज्ञान निसर्गदत्त नाही. ते शिकवले जाते आणि त्याचा पहिला धडा वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मिळतो. गावच्या विहिरीवर पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून पोरे पाण्यात ढकलली जातात, तेव्हा त्यांत आठ-नऊ वर्षांच्या पोरीही असतात. चार दिवसांत बिंडा सुटतो, मुटके सुरू होतात. मग एका उन्हाळ्यात पोरीला घरातून इतकेच ऐकवले जाते, ‘आता पुरे, मोठी झालीस.’ तिचा भाऊही त्याच वर्षी मोठा झालेला असतो, पण त्याची विहीर कोणी बंद करत नाही. शहरात शब्द बदलतात, निकाल तोच. एका तलावावरच्या प्रशिक्षकाची हजेरीवही आम्ही चाळली. तिसरी-चौथीच्या मुलामुलींची नावे जवळपास सारखी. सातवी-आठवीच्या पानांवर मुलींच्या नावांवर एकामागून एक लाल रेघ आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’.

ही घरगुती अडचण नेमकी कशी दिसते, ते त्याच तलावाच्या काठावर कळते. कपडे बदलण्याच्या खोलीपासून पाण्यापर्यंत जेमतेम वीस पावलांचे अंतर. सुटलेल्या पोटावर इवलीशी चड्डी चढवलेले एक सद्गृहस्थ ते अंतर सावकाश कापतात. वाटेत थांबून कोणाला तरी महापालिकेच्या राजकारणाची हालहवाल विचारतात, ओल्या अंगानेच फोनवर बोलतात. त्यांच्या पोटाचा घेर हा जगात कोणाच्याही चर्चेचा विषय नाही, आणि नसावाही. त्यांच्या मागून तेरा वर्षांची एक मुलगी येते. गळ्यापासून पोटरीपर्यंत टॉवेल. काठावर येताच ती तो झटक्यात टाकते आणि त्याच क्षणी पाण्यात शिरते. बाहेर निघायच्या आधी मैत्रिणीला हाक मारून टॉवेल शिडीशी मागवते. ही मुलगी पन्नास मीटरचे अंतर न थांबता पोहते. तिला न झेपणारे अंतर आहे ते त्या वीस पावलांचे. पुढच्या वर्षी तिचे नाव वहीत असेल, अशी पैज कोणी लावू नये.

यावर ‘आपली संस्कृती’ असे दोन शब्द उच्चारून हात झटकण्याची सोय अनेकांनी करून ठेवली आहे. त्यांनी स्वतःच्याच संस्कृतीची पाने उलटावीत. १९३८ साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. कथा आचार्य अत्र्यांची, प्रेक्षक मराठी. गहजब झाला, टीका झाली, आणि चित्रपटगृहे भरलेलीही राहिली. १९५९ च्या २९ सप्टेंबरला कोलकात्याच्या आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. असा पराक्रम करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या स्त्री. दुसऱ्याच वर्षी देशाने त्यांना पद्मश्री दिली. म्हणजे आमच्या आज्यांच्या काळात देश जे पाहू शकत होता, ते पाहताना नातींच्या काळात त्याच्या डोळ्यांत कुसळ जाते. बरे, उघडी छाती हा पुरुषाचा जन्मसिद्ध हक्क, हेही त्रिकालाबाधित सत्य नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर वरचे अंग उघडे टाकणाऱ्या पुरुषांना दंड होत असे. पुरुषांनी तो नियम मोडून काढला आणि काही वर्षांत विषय संपला. स्त्रियांच्या बाबतीत विषय संपत नाही. फक्त माप बदलते. १९२२ मध्ये वॉशिंग्टनचा पोलीस वाळूवर गुडघे टेकून बायकांच्या पोशाखाची उंची मोजत होता, कारण कापड गुडघ्याच्या फार वर गेलेले चालत नव्हते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनारी गावांनी अंगभर पोशाखातल्या मुस्लिम स्त्रियांना पाण्याबाहेर काढण्याचे फतवे काढले आणि ते चुकीचे आहेत हे सांगायला देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला मध्ये पडावे लागले. २०२१ च्या जुलैत नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला पंधराशे युरोंचा दंड झाला, कारण त्या खेळाडू तोकड्या बिकिनीऐवजी पुरुषांसारख्या आखूड चड्ड्या घालून उतरल्या. बिकिनीची बाजू दहा सेंटिमीटरपेक्षा रुंद असता कामा नये, असा लेखी नियम होता. जगभर छी-थू झाल्यावर तो बदलला. झाका म्हणणारे आणि उघडा म्हणणारे, दोघांच्या खिशात टेप एकच असते.

या मोजमापाची किंमत पाण्यात चुकवावी लागते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने इंडोनेशिया, श्रीलंका आणि भारतातील गावांमधले मृत्यू मोजले. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात स्त्रियांचे मृत्यू ३९१, पुरुषांचे १४६. काही पुरुष त्या वेळी बोटींवर खोल समुद्रात होते, काही शेतात. बायका किनाऱ्याशी आणि घरात होत्या, कडेवर मुले होती, हे खरे. पण पोहणे आणि झाडावर चढणे या दोन गोष्टी मुलग्यांना आल्या आणि मुलींना कोणी येऊ दिल्या नाहीत, हेही कारण त्याच पाहणीत नोंदले आहे. इतक्या दूर जायलाही नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यांत बायाबापड्या आणि लेकरे मोठ्या संख्येने. कृष्णाकाठी जन्म काढलेल्या बायका कृष्णेत हात मारू शकल्या नाहीत.

आकडेमोडीचा आधार घेणारे सांगतील, की देशात बुडून मरणाऱ्यांत पुरुषच अधिक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाने २०२२ मध्ये ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मेले आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते, हे बरोबर. जो पाण्यात जातो तो बुडतो. ज्याला पाण्यापासून दूर ठेवले तो रोज बुडत नाही. मात्र पाणी एके दिवशी न विचारता दारात येते. पाऊस लांबणे आणि मग एका रात्रीत कोसळणे हे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडू लागले आहे. कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड ही नावे दर दोन-चार वर्षांनी पुन्हा उच्चारावी लागणार आहेत. अशा राज्यात निम्म्या लोकसंख्येला पाण्याची ओळख नसणे, तेही पोशाखाच्या लाजेपायी, याला निष्काळजीपणा म्हणणे सौम्य ठरेल.

बुडणे हा या नुकसानीचा फक्त दिसणारा भाग. ज्या आईला पोहता येत नाही, तिचे मूल शेततळ्यात पडले तर ती एकतर काठावर किंचाळते किंवा मागोमाग उडी टाकून दुसरा मृत्यू होते. जिला पाणी माहीत नाही, ती सागरी पोलीस, अग्निशमन दल, नौदल, तटरक्षक दल यांच्या दारात उशिराने आणि धास्तावून पोहोचते. किनाऱ्यावर स्त्री जीवरक्षक मोजक्या, तलावावर स्त्री प्रशिक्षक मोजक्या. त्या मोजक्या म्हणून पालक मुलींना पाठवत नाहीत, आणि मुली येत नाहीत म्हणून पुढच्या प्रशिक्षक घडत नाहीत. खेळाचे तेच. टोकियो ऑलिम्पिकला जलतरणपटू साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज थेट पात्रतेची वेळ गाठून गेले. पॅरिसपर्यंत एकाही भारतीय स्त्रीला ती वेळ गाठता आली नाही, आमच्या मुली प्रतिनिधित्वाच्या कोट्यातून जातात. त्याला पैशापासून तलावांच्या टंचाईपर्यंत अनेक कारणे आहेत. तथापि आठवीत निम्मा वर्ग घरी बसवून उरलेल्यांतून विजेती शोधण्याचा हिशेब कोणत्या गणितात बसतो?

मागल्या पिढीच्या वाट्याला न आलेले एक संकट या पिढीपुढे आहे, ते म्हणजे खिशातला कॅमेरा. पूर्वी नजर काठावर असे आणि काठ सोडला की संपे. आता ती चित्रित होते, कापली जाते, वर्गाच्या ग्रुपवर फिरते आणि वर्षानुवर्षे टिकते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ चोरून पाहणे आणि चित्रण करणे यांना शिक्षा सांगते, पण ते खासगी कृतीपुरते. उघड्या तलावाच्या कठड्यावर मोबाइल घेऊन बसलेल्या बघ्यापाशी कायद्याचा हात आखडतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर पोहणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढायला टोळीने हिंडणारे पर्यटक नवे नाहीत, आणि त्यांतले कितीएक आपल्याच बोलीत बोलतात, हे कबूल केलेले बरे. कोलकात्यात एका महिला प्राध्यापकाने आपल्या खासगी खात्यावर पोहण्याच्या पोशाखातले फोटो ठेवले होते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली आणि आपल्याला राजीनामा द्यायला भाग पाडले गेले, असे त्यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले. फोटो पाहणारा मुलगा निर्दोष, फोटोतली बाई दोषी, हा न्याय तेरा वर्षांच्या मुलीला वर्तमानपत्र न वाचताही समजतो. मुलांचीही यातून सुटका नाही. लठ्ठ मुलगा टी-शर्ट घालून पाण्यात उतरतो, दोनदा हसे झाले की येईनासा होतो. घरी त्याला ‘मुलासारखा मुलगा, लाजतोस काय’ एवढेच ऐकायला मिळते. शरीराची लाज दोघांनाही आहे. फरक इतकाच, की मुलाला ती टाकून दे म्हणून दटावतात आणि मुलीला सांभाळ म्हणून.

महापालिका आणि नगरपालिका या सगळ्यात साळसूद नाहीत. त्यांच्या तलावांवर महिलांची वेळ अनेकदा दुपारची असते: मे महिन्याचे ऊन, पाणी तापलेले, कार्यालये चालू. मग ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून तीही वेळ आटवली जाते. पोशाखाच्या पाटीवरचा ‘विहित कॉस्च्युम’ म्हणजे कोणता, याचा अर्थ दारावरच्या रखवालदारावर सोपवलेला असतो. सुती सलवार-कमीज पाण्यात नको, हे योग्यच. ओले सूत अंगाला ओढते, बुडवते, गाळणीत धागे अडकवते. पण पोटरीपर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा, लायक्राचा पोशाख नाकारण्याला काहीच शास्त्र नाही. जागतिक स्पर्धांच्या तलावातही स्त्रियांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चालतो. टांझानियातील झांझिबारच्या नुंगवी गावात पांजे प्रकल्पाने मुस्लिम मुलींना पोहण्याचे अंगभर पोशाख दिले आणि ज्यांना पालक समुद्रात पाठवत नव्हते त्या मुली पोहू लागल्या. पुढे त्यांतल्या काही इतरांना शिकवू लागल्या. तिथे बिकिनी की बुरखा यावर परिसंवाद झाले नाहीत. आमच्याकडे परिसंवाद उदंड होतात आणि दोन्ही बाजूंच्या वक्त्यांपैकी पाण्यात सोडले तर किती काठाला लागतील, याची शंका आहे.

तेव्हा शालेय शिक्षण आणि क्रीडा खात्याने, नगरविकास खात्याने, आणि ज्यांच्या ताब्यात तलाव आहेत त्या प्रत्येक आयुक्ताने हे लेखी करावे: अंगावर काय आणि किती हे पोहणारी ठरवील, कापड तेवढे पाण्याला योग्य असले पाहिजे. तलावाच्या आवारात मोबाइल नको, प्रशिक्षकाचाही नको. महिलांची एक वेळ सकाळची आणि एक संध्याकाळची. मासिक पाळीच्या दिवसांचे शुल्क घेऊ नये, हजेरी कापू नये. कपडे बदलण्याची खोली पाण्यालगत आणावी. जिथे ती हलवता येत नाही तिथे त्या वीस पावलांवर चटईची आडभिंत उभारायला किती निधी लागतो, ते अभियंत्यांनी सांगावे. ग्रामीण भागात ज्या शेततळ्यांना शासन अनुदान देते, त्यांच्या काठाला दोर आणि टायर असलेच पाहिजेत, आणि ज्या गावात शेततळे आहे त्या गावच्या शाळेतल्या मुलींना उन्हाळ्यात बिंडा बांधून तरंगायला शिकवणारी बाई हवी. वेगळी वेळ ही तात्पुरती शिडी आहे, हे आम्हाला मान्य आहे; एरवी ज्यांना पाय ठेवायला पायरीच नाही, त्यांच्यासमोर समतेचे प्रवचन देण्यात अर्थ नाही.

यासाठी समिती नको, सर्वेक्षण नको. तलावावरच्या कपाटात हजेरीवह्या आहेत. सहावीत असलेली आणि आठवीत नसलेली नावे त्यांत आहेत, समोर पालकांचे दूरध्वनी क्रमांक आहेत. परीक्षा आटोपल्या, की मृग लागेपर्यंत काही आठवडे हाती असतात. त्या घरांना फोन करायला एक कारकून आणि एक आठवडा पुरेल.