आगमनकाळ आणि भराव

आगमनकाळ लागला कीं वसईंत चर्चच्या उपदेशपीठावरून एक ठराविक तक्रार ऐकूं येते. नाताळापूर्वीचे हे चार रविवार ख्रिस्तसभेनें प्रायश्चित्तासाठीं व प्रतीक्षेसाठीं राखले. पूजावस्त्रें जांभळीं असतात, रविवारच्या मिस्सेंतील गौरवगीत मुकें राहतें. १९१७ च्या कायदेसंहितेनें तर या दिवसांत विवाहाचा थाटाचा आशीर्वादही मना केला होता. १९८३ च्या संहितेंत ती मनाई उरली नाहीं. आणि पापडीपासून आगाशीपर्यंत लोक पाहावे तों आकाशकंदील टांगण्यांत व गोठे सजविण्यांत दंग! कंदील राहूं द्या, अंतःकरण सज्ज करा, असा मग उपदेश होतो.

कंदिलांचा आम्हांस मुळींच राग नाहीं. लेंकरांनीं कागदाची चांदणी केली, यांत धर्माचें काय बुडालें? आमचा आक्षेप त्या उपदेशावरच आहे. अंतःकरण सज्ज करा म्हणजे नेमकें काय करा, हें तो सांगत नाहीं. घटकाभर डोळे मिटले, पापनिवेदन उरकलें, कीं तयारी झाली असें समजून श्रोता घरीं जातो.

बाप्तिस्मा करणारा योहान इतका मोघम बोलत नसे. आम्हीं करावें तरी काय, असें लोकांनीं विचारतांच लूकच्या तिसऱ्या अध्यायांत तो रोकडा हिशेब मांडतो: दोन अंगरखे असणारानें एक द्यावा, जकातदारानें ठरल्याहून अधिक घेऊं नये, शिपायानें कोणास नाडूं नये.

त्याच अध्यायांत दऱ्या भरून निघण्याची व डोंगर सखल होण्याची यशयाची प्रतिमा आली आहे. वसई तालुक्यानें ती अक्षरशः खरी केली! टेकड्या मुरुमासाठीं पोखरल्या, खाजणें व पाणथळ शेतें भरावानें बुजविलीं, वर इमले उठले. पावसाचें पाणी खाडीस नेणाऱ्या ओहळांचीं तोंडें बंद झालीं. २०१८ च्या जुलैंत वसई-नालासोपारा पाण्याखालीं गेलें, रेल्वे थांबली, मिठागरांतील कुटुंबें अडकून पडलीं. सगळा दोष बाहेरच्या बिल्डरावर टाकून हात झटकणें सोपें आहे. परंतु जमीन विकणारांत आणि भराव पडतांना गप्प बसणारांत नेमानें मिस्सेस जाणारेही होते. २०२४ सालीं दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळींत उतरले. धर्मगुरूचें हें काम नव्हे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं लूकचा तो अध्याय पुन्हां उघडावा.

कोणी म्हणेल, अंतःकरणाच्या साधनेंत चिखलमाती कशास? चोरीचें पापनिवेदन करणारानें चोरलेला माल परत केला पाहिजे, ही तर ख्रिस्तसभेचीच जुनी शिकवण आहे. शेजाऱ्याच्या घरांत पाणी लोटून देणारास ती कां लागूं नये? ज्याच्या भरावानें ओहळ बुजला असेल त्यानें पापनिवेदनाच्या रांगेंत उभें राहण्यापूर्वीं तो मोकळा करून द्यावा. आगमनकाळ लहानांत लहान झाला तरी २२ दिवसांचा असतो, आणि डिसेंबरांत जमीन कोरडी असते.